जुन्या चित्रांची फ्रेम एकदा उघडून पाहा

माननीय संपादक,

जुनी छापील चित्रे ओळखावी कशी आणि फ्रेममध्ये जपावी कशी, यासाठी हे पत्र. एक उदाहरण घेतो. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने १७६१ मध्ये इंग्लंडात बार्टन येथे पूल बांधून इरवेल नदीवरून कालवा नेला. हा दगडी जलसेतू १८९३ मध्ये पाडला गेला. आता तो दिसतो जुन्या छापील चित्रांतच.

असे चित्र घेताना दहापट भिंग लावावे. सलग रेषा दिसल्या तर कोरीव छाप, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरून काढलेला; रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर आजची ऑफसेट यंत्रावर छापलेली नक्कल. कोरीव छापाच्या चित्राभोवती तांब्याच्या पत्र्याच्या दाबाने कागदावर उमटलेला काठ असतो. फ्रेमवाले माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) बसवताना तोच कापतात, हे अक्षम्य आहे.

पुण्याच्या पावसाळ्यात खरा घात पाठीमागून होतो. हार्डबोर्डातले आम्ल कागद पिवळा करते, काचेला टेकलेल्या कागदावर ओल धरून तांबूस ठिपके पडतात आणि सेलोटेपचा डाग सहसा जात नाही. आम्लरहित बोर्ड वापरावा, काच व कागदात ३-४ मिलिमीटर अंतर ठेवावे. चित्र फक्त वरच्या काठाला, जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी आणि गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने या बोर्डाला टांगावे. चारही बाजू चिकटवल्या की दमट हवेत फुगलेला कागद सुरकुततो. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की फ्रेम आणि भिंतीच्या मध्ये हवा खेळते. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत टाळावी. लॅमिनेशन तर कधीच नको.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे