आठ रकाने, एक संकल्प

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रार्थनागट, सत्संग, अभ्यासवर्ग अशा ठिकाणी हल्ली एक तक्ता हमखास हातात पडतो. गोल चक्र आणि त्याचे आठ भाग: उपासना, आरोग्य, कुटुंब, काम, पैसा, अभ्यास, सेवा, विश्रांती. प्रत्येक भागाला दहापैकी गुण द्यायचे, जिथे कमी पडतील तिथे ध्येय लिहायचं, वर एखादं वचन, खाली सही. तक्त्याशी आमचं भांडण नाही. तो भरून घेणारे धर्मपरंपरांकडून वचन तेवढं उचलतात आणि पद्धत तिथेच ठेवून येतात, ही तक्रार आहे. संकल्प कसा करावा, कसा मोजावा आणि मोडला तर पुढे काय, यावर जुन्या लोकांनी फार बारीक काम करून ठेवलं आहे.

गुणांपासूनच पाहू. एका बैठकीत दिलेले आठ गुण हे त्या दिवसाच्या मनःस्थितीचे असतात. सकाळी खटका उडाला असेल तर कुटुंबाला तीन, आदल्या दिवशी सगळे हसतखेळत बसले असतील तर आठ. त्यापेक्षा पहिले 14 दिवस काहीही बदलू नये, नुसती नोंद ठेवावी: झोपायला किती वाजले, प्रार्थना झाली का, पैसे कशावर गेले, घरच्यांशी सलग वीस मिनिटं बोलणं झालं का. कुटुंबाच्या रकान्यातले गुण तर स्वतः देऊच नयेत, घरातल्या माणसाकडून घ्यावेत. उपासनेला नऊ आणि कुटुंबालाही नऊ लिहिणाऱ्याच्या घरी विचारलं की दुसरे नऊ पुष्कळदा चारावर येतात. ध्यानाची खोली ही कटकटीतून सुटायची जागाही होऊ शकते, हे कुठलाच तक्ता दाखवत नाही.

दुसरी चूक म्हणजे आठही भागांत एकदम हात घालणं. अठराव्या शतकात अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिन या मुत्सद्द्याने 13 गुणांची यादी केली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की एका दोषावर पहारा ठेवावा तर दुसरा मागच्या दाराने आत येतो. म्हणून त्याने एका आठवड्याला एकच गुण धरला. 13 आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. वहीत वारांचे सात उभे रकाने, गुणांच्या 13 आडव्या ओळी आणि चुकेल तिथे काळा ठिपका. फ्रँकलिन काही फार कर्मठ भाविक नव्हता, तरी 1808 मध्ये मेंडेल लेफिन या ज्यू विद्वानाने हीच रीत आपल्या धर्मातल्या आत्मपरीक्षणासाठी घेतली. त्याही आधी, सोळाव्या शतकात, इग्नेशियस लोयोला या ख्रिस्ती संताने एकाच दोषासाठी रोजच्या तीन वेळा नेमून दिल्या होत्या: उठताना निश्चय, दुपारच्या जेवणानंतर मोजणी, रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा मोजणी. दिवसाला दोन रेघा आणि चुकेल तितके ठिपके. मग आजची तुलना कालशी, या आठवड्याची मागच्या आठवड्याशी. दुसऱ्या कुणाशी तुलना त्यात नाहीच.

आम्ही सुचवतो ती मांडणी याच 13 आठवड्यांची आहे: दोन आठवडे नुसती नोंद, दहा आठवडे एकच संकल्प, शेवटचा आठवडा विसावा आणि आढावा. उरलेल्या सात भागांत आहे ते घसरू नये, एवढंच पाहायचं. भाग निवडताना सर्वांत कमी गुणांचा धरू नये. ज्याची गाठ सुटली की बाकीच्या सैल होतात, तो धरावा. उशिरा झोपणं हे याचं नेहमीचं उदाहरण. त्यापायी पहाटेची उपासना जाते, दिवसभर चिडचिड होते आणि कामही रेंगाळतं. चार रकाने कमी दिसतात, पण दुखणं एकच असतं.

खरी परीक्षा संकल्पाच्या शब्दांची. ‘यंदा घरच्यांना वेळ देईन’ याला ना सुरुवात आहे ना शेवट. याउलट शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, पाहा: शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत. जकात, म्हणजे इस्लाममधलं बंधनकारक दान, पाहा: ठरावीक मर्यादेच्या वर, चांद्रवर्षभर राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के. जैनांची नवकारसी पाहा: सूर्योदयानंतर 48 मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही. त्या पच्चक्खाणाच्या, म्हणजे त्यागाचा नियम घेतानाच्या, शब्दांतच दोन आगार, म्हणजे सवलती, सांगितलेल्या आहेत: विसरून घडलं तर आणि अचानक, हाताबाहेर घडलं तर. सवलत आधीच बोलून ठेवली की मोडल्यावर पळवाट शोधावी लागत नाही आणि स्वतःला कोसत बसावंही लागत नाही. त्याच धर्तीवर कुटुंबाचा संकल्प असा लिहिता येईल: ‘अमुक तारखेपासून 70 दिवस रात्रीचं जेवण सुरू झाल्यापासून सगळ्यांचं उरकेपर्यंत माझा फोन दुसऱ्या खोलीत राहील. सवलत: घरात कुणी आजारी असेल तर, किंवा मी प्रवासात असेन तर.’ कृती आपल्या हातातली, वेळ ठरलेली, शेवट ठरलेला. प्रार्थनेची वेळही घड्याळाला न बांधता रोजच्या एखाद्या कामाला बांधावी. ‘सहा वाजता’ म्हटलं आणि सव्वासहा झाले की तो दिवस गेलाच असं मन ठरवून टाकतं. ‘आंघोळ झाल्याबरोबर’ म्हटलं तर तो चुकत नाही.

देवापुढे दिलेला शब्द आणि साधा इरादा यांतला भेद अनेक परंपरांनी कसोशीने जपला आहे. नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेला बरा, असं बायबलातलं उपदेशकाचं पुस्तक सांगतं. इरादा बोलून दाखवताना ‘बली नेदेर’, म्हणजे ‘हा नवस नव्हे’, असं जोडण्याची ज्यूंमध्ये पद्धत आहे. कुराणात मोडलेल्या शपथेचं प्रायश्चित्त नेमून दिलं आहे. दहा गरजूंना अन्न किंवा वस्त्र हा त्याचा एक मार्ग, आणि ऐपतच नसेल तर तीन दिवसांचे रोजे. अशा गंभीर गोष्टीवर गटात टाळ्यांच्या गजरात आठ-आठ सह्या घेणं आम्हाला पटत नाही. पहिल्या फेरीत शब्द फक्त वहीला द्यावा आणि फार तर एका विश्वासाच्या माणसाला सांगावा.

रात्रीच्या हिशेबाला सात-आठ मिनिटं पुरतात. आधी दिवसातल्या एका नेमक्या गोष्टीबद्दल कृतज्ञता, मग सकाळपासून तासातासाने मागोवा, ठिपके, कारणाची एक ओळ आणि उद्यासाठी एक ओळ. सगळं मोल कारणाच्या ओळीत आहे. तिथे ‘मी आळशी’, ‘मी तापट’ असं लिहून काही हाती लागत नाही. कधी, कुठे, त्याआधी काय चाललं होतं, ते लिहावं. समजा, रागाचे एका आठवड्यात नऊ ठिपके पडले आणि त्यांतले सात संध्याकाळी साडेसहा ते साडेसातमध्ये आहेत. मग प्रश्न स्वभावाचा कमी आणि कामावरून थेट घरच्या गडबडीत शिरण्याचा जास्त आहे. दारात पाऊल टाकण्याआधी दहा मिनिटं शांत बसणं हा त्यावरचा उपाय. तो सहनशीलतेवरच्या प्रवचनातून सापडत नाही, ठिपक्यांच्या जागेवरून सापडतो.

चुकलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट करून करू नये. दोन दिवसांचं ओझं तिसऱ्या दिवशी चौपट वाटतं आणि तिथेच वही मिटते. ठिपका द्यावा, क्षमा मागावी, दुसऱ्या दिवशी नेहमीएवढंच करावं. 70 पैकी 55 दिवस पाळला गेला तर संकल्प अंगवळणी पडतो आहे, पुढच्या फेरीत नवा भाग घ्यायला हरकत नाही. 35 हून कमी भरले तर संकल्पच मोठा होता, तो निम्मा करून पुन्हा घ्यावा. हे आकडे आमच्या अंदाजाचे आहेत, त्यांना शास्त्राधार नाही. मात्र महिनोन्महिने झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर ठिपके मोजत बसू नये, डॉक्टर गाठावा. ती श्रद्धेतली कसर नव्हे.

राहिली फळाची गोष्ट. ‘देवाच्या कृपेने वर्षाअखेर पगार दुप्पट’ हे ध्येय म्हणून लिहून घेतलं जातं. पगार वाढला नाही की माणूस एक तर देवावर रुसतो, नाही तर आपली श्रद्धाच कमी पडली म्हणून खचतो. गीतेने कर्मावरचा अधिकार आणि फळावरचा अधिकार वेगळे केले, त्याचा वहीतला अर्थ साधा आहे: पैशाच्या रकान्यात ‘रोज रात्री खर्च लिहीन, आठवड्यातून चार तास नवं काम शिकेन’ एवढंच लिहावं. पगार किती व्हावा ते प्रार्थनेत जरूर मागावं, पण त्याला ठिपका देऊ नये.

आपल्या दैनिकासह बहुतेक पुरवण्यांत वर्षारंभी असे तक्ते छापून येतात. यापुढे छापाल तेव्हा ध्येयाच्या रकान्याशेजारी आणखी तीन अरुंद रकाने द्यावेत, ही विनंती: कधीपासून, कधीपर्यंत, सवलत कोणती. जागा कमी पडत असेल तर आठांतले सात भाग खुशाल काढून टाकावेत.

आपले,
आत्मपरीक्षणाचे वर्ग घेणारे काही वाचक