तो एक्सरे पायरीवरचा नव्हता

नेपरव्हिल, इलिनॉय
9 मार्च

प्रिय नंद्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "हॉस्पिटल, घर, पोरगी, सगळं सांभाळून तू अजून आभाळातून उड्या मारतोस, ते जमवतोस कसं?" मी काहीतरी थातूरमातूर बोललो आणि विषय बदलला. पण तुझ्या आवाजावरून कळलं होतं की तुला स्वतःचंच काही ठरवायचंय. माळ्यावरून गिर्यारोहणाचा दोर खाली काढलायस असं तू जाता जाता म्हणालास, तेव्हा खात्रीच पटली. तेव्हापासून मनाला टोचणी लागली आहे, कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर आधी मला एक खोटं कबूल करावं लागेल.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात मी तुला माझ्या उजव्या घोट्याचा एक्सरे पाठवला होता, आठवतं? बेसमेंटच्या पायरीवरून पाय घसरला असं लिहिलं होतं. तिकडे सांगलीत रविवारची सकाळ होती, तुझा चहासुद्धा झाला नव्हता, तरी तू लगेच फोन केलास. "हाड सरकलेलं नाही, प्लेट लागणार नाही, पण सहा आठवडे बूट काढलास तर याद राख," म्हणालास. नंद्या, पायरीबियरी काही नव्हती. मी पॅराशूटने उतरताना पडलो होतो.

मी उड्या मारतो हे तुला ठाऊक होतंच. मग खोटं का बोललो? तैलबैल्याच्या कातळभिंतीमुळे. आपण दुसऱ्यांदा त्या भिंतीला भिडलो होतो, संध्याकाळ होत आली होती, माथा जेमतेम पंधरा फूट राहिला होता, आणि तू खालून बिले देत, म्हणजे माझा दोर सांभाळत, ओरडलास, "सकाळपासून खाल्लं नाहीस तू. उतर. भिंत उद्याही इथंच असेल." मी उतरलो आणि लोणावळ्यापर्यंत तुझ्याशी एक अक्षर बोललो नाही. मला पक्कं माहीत होतं की घोट्याचं खरं कारण सांगितलं तर तू एकच प्रश्न विचारशील: "आदल्या रात्री झोपला होतास का?"

नव्हतो झोपलो. शुक्रवारी रात्री माझी ड्यूटी होती. दोन सिझेरियन, मग पहाटे तीनपर्यंत एक फुटलेलं अपेंडिक्स. घरी येऊन जेमतेम दोन तास पडलो. शनिवारी दुपारी चारला मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम होता, त्यात चिऊ अथर्वशीर्ष म्हणणार होती. सात वर्षांची होती तेव्हा. महिनाभर गाडीत येता-जाता पाठ करत होती. मी हिशोब केला: तासाभराचा रस्ता, नऊला पोचायचं, दोन उड्या, एकला परत. त्या सीझनचे तीन शनिवार आधीच हातचे गेले होते. एक पावसात, एक ड्यूटीत, एक पाहुण्यांत. आणि आमच्यात मुदत असते. माझ्यासारख्या बी लायसन्सवाल्याने, म्हणजे दुसऱ्या पायरीचा परवाना असलेल्याने, 90 दिवसांत उडी मारली नाही, तर पुढची उडी इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली मारावी लागते. माझे 80 होऊन गेले होते. म्हणजे मी गेलो तो आनंदासाठी गेलोच नाही, तारीख टळू नये म्हणून गेलो.

तिथे वारा. साडेबारापर्यंत विमान जमिनीवर. शहाण्या माणसाने तेव्हाच गाडी काढली असती. विमानात बसणाऱ्यांची यादी करतात त्या मॅनिफेस्टच्या खिडकीवर मी नाव टाकलं, आता आलोच आहे तर एक तरी, म्हणून.

उडी उत्तम झाली, हेही तुला सांगायला हवं. साडेतेरा हजार फुटांवरून बाहेर पडलो, मिनिटभर पडत राहिलो, चार हजारांवर पॅराशूट उघडलं, चौकोनी, स्वच्छ, एकही दोरी गुंतलेली नाही. लोक मला नेहमी विचारतात, पॅराशूट उघडलंच नाही तर? त्याची सोय असते. पाठीवर दुसरं, रिझर्व्ह पॅराशूट असतं. ते वापरा वा न वापरा, 180 दिवसांच्या आत परवानाधारक रिगरकडून उघडून, तपासून पुन्हा बांधून घ्यावंच लागतं. शिवाय सायप्रेस नावाचं यंत्र असतं, 1991 साली एका जर्मनाने आणलेलं. माणूस बेशुद्ध जरी असला आणि साडेसातशे फुटांवरही वेगाने पडत असला, तरी ते यंत्र आपणहून रिझर्व्ह उघडतं. पण उघडलेल्या पॅराशूटखाली बसलेला माणूस काय विचार करतोय, हे कुठलंच यंत्र ओळखत नाही. 2023 साली अख्ख्या अमेरिकेत साधारण साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि दहा माणसं गेली. आकडा लहान आहे. पण दरवर्षी जाणाऱ्यांत असे लोक असतातच, ज्यांचं पॅराशूट ठणठणीत उघडलेलं होतं. जमिनीजवळ वळण घेताना ते गेले.

मी काय विचार करत होतो? घड्याळाचा. नेहमी मी लांबच्या मोठ्या मैदानात उतरतो. तिथून सगळं बोचकं कवटाळून हँगरपर्यंत चालत यायला दहा मिनिटं लागतात. वरून मला माझी पांढरी गाडी दिसत होती. म्हटलं, हँगरजवळच्या पट्ट्यात उतरू, दहा मिनिटं वाचतील. खाली येता येता पाहतो तर माझ्या पुढ्यात कुणीतरी नुकतंच उतरून आपलं पॅराशूट गोळा करतंय. शंभर फूटही उरले नव्हते. मी डावी टॉगल, म्हणजे पॅराशूट वळवायची मूठ, खेचली. तेवढ्या खाली वळलं की पॅराशूट बुडी मारतं, हे मला पाठ आहे, नंद्या, जसं तुला हाडांची नावं पाठ आहेत. वारा पाठीशी आला, जमीन धावत आली. अशा वेळी पाय आणि गुडघे जुळवून अंग टाकायचं आणि लोळायचं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी उभं राहण्यासाठी उजवा पाय पुढे केला. आवाज मला ऐकू आला.

चार वाजता मी इमर्जन्सीत होतो. तुझ्या वहिनीचा फोन कार्यक्रमात बंद. साडेपाचला तिने निरोप पाहिला. दोघी तशाच आल्या. चिऊ परकर-पोलक्यात, केसांत अबोलीचा खोटा गजरा. ती काही बोलली नाही. मुठीत कागदी रुमालात गुंडाळलेला मोदक होता, चेपून गेलेला. तो तिने माझ्या उशाशी ठेवला आणि खुर्चीत बसून राहिली.

पुढचे सहा आठवडे उजवा पाय बुटात, म्हणजे गाडी बंद. चिऊची शाळा, पोहणं, मराठी शाळा, मला सोडणं-आणणं, सगळं वहिनीने केलं, स्वतःची नोकरी करून. पहिले तीन आठवडे मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, उभा राहू शकलो नाही. माझ्या रात्री बाकीच्या भूलतज्ज्ञांनी वाटून घेतल्या. त्यातल्या एकीचं बाळ पाच महिन्यांचं होतं. तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. माझ्या घोट्याचा भुर्दंड कुणी भरला याची यादी केली, तर त्यात माझं नाव सगळ्यात खाली येतं.

बूट निघायच्या आठवड्यात एका रात्री मी वहिनीला म्हणालो, "सोडून देतो." मला वाटलं, ती हुश्श करेल. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तू पडलास म्हणून मी चिडले नाही. तिथे असतोस तेव्हा तुझं लक्ष घड्याळात, आणि इथे असतोस तेव्हा तुझे डोळे आभाळात. मला यातला एक तरी माणूस अख्खा दे."

त्यावर मी पुष्कळ विचार केला. रात्र जागलेल्या भूलतज्ज्ञाला दुसऱ्या दिवशी आम्ही ओटीत उभं करत नाही. तसा नियमच आहे आणि तो मोडावा असं मला कधी वाटलंही नाही. मग मी स्वतःला विमानात कसं बसवलं? कारण हॉस्पिटलचं काम खरं आणि हे आपलं फावल्या वेळातलं, अशी माझी समजूत होती. नोकरीतून, घरातून जे उरेल ते आभाळाला. उरलेली झोप, उरलेलं लक्ष, उरलेला शनिवार. उरल्यासुरल्यावर पेटी वाजवता येईल, बाग करता येईल. याच्यावर नाही करता येत.

तेव्हा आता असं करतो. मार्चमध्ये ड्यूटीचं वेळापत्रक हाती आलं की मी आणि वहिनी जेवणाच्या टेबलावर कॅलेंडर घेऊन बसतो. काल रात्रीच बसलो होतो. यंदाचे नऊ दिवस ठरलेत, मे ते ऑक्टोबर. त्यांच्या आदल्या रात्री ड्यूटी नाही, आणि त्या संध्याकाळी मला कुठेही पोचायचं नाही. वाढदिवस नाही, विमानतळ नाही, गणपती तर नाहीच. वारा असला तर दिवस गेला, बदली दिवस मागायचा नाही. गेल्या वर्षी दोन दिवस मी गवतावर डबा खाऊन परत आलो. आणि बाकीच्या शनिवारी मी वाऱ्याचं ॲप उघडतसुद्धा नाही. हे सगळ्यात अवघड गेलं.

हिवाळ्यात इथे उड्या बंदच असतात, त्यामुळे दर वसंतात माझी मुदत टळलेलीच असते. पूर्वी त्याची लाज वाटायची. आता पहिला दिवस मी स्वतःच इन्स्ट्रक्टरला धरतो, हार्नेसमध्ये लटकून बिघडलेलं मुख्य पॅराशूट सोडून देण्याचा आणि रिझर्व्ह उघडण्याचा सराव करतो, मग विमानात बसतो. मध्ये गावातच विंड टनेल आहे, काचेच्या नळकांड्यात खालून वारा सोडतात, तिथे महिन्यातून एकदा चिऊला झोपवून दहा मिनिटं तरंगून येतो.

किंमत आहे याची, ती लपवत नाही. माझ्याबरोबर शिकलेल्यांच्या सहाशे उड्या झाल्या. ते थंडीत ॲरिझोनाला जातात, वीस-वीस जण हात धरून आकाशात फुलं करतात. मी 131 वर आहे. विंगसूटला, म्हणजे पंखांच्या पोशाखात उडायला, किमान 200 लागतात. माझा वेग बघता तिथे पोचेन तेव्हा पन्नाशी जवळ आलेली असेल, आणि पोचलो तरी घालणार नाही असं वहिनीला सांगून टाकलंय. पॅराशूटही तेच जुनं, मोठं, संथ. त्यांचे व्हिडिओ आले की टोचतं. टोचू देतो.

त्या पडण्यानंतर एका रविवारी आम्ही कागदपत्रंही काढली. मृत्युपत्र केलं, आम्ही दोघं नसलो तर चिऊ कुणाकडे ते लिहून ठेवलं. विम्याच्या अर्जात स्कायडायव्हिंगचा रकाना मी पूर्वीच खरा भरला होता, हप्ता जास्त बसला तरी. तो खरा भरला होता म्हणून त्या रात्री वहिनीच्या नजरेला नजर देऊ शकलो. तुला मात्र एक्सरेचं खोटं सांगितलं.

आई अजून धसका घेऊन आहे. मी तिला शीतल महाजनचं उदाहरण द्यायचो. आपल्या पुण्याची मुलगी, 2004 मध्ये उत्तर ध्रुवावर उतरली, 2006 मध्ये दक्षिण ध्रुवावर, पद्मश्री मिळाली, जुळ्या मुलांची आई आहे, नऊवारी नेसून उडी मारली तिने. आई म्हणाली, "तिने आयुष्य दिलंय रे त्याला. तू किती देतोस?" तेव्हा मला उत्तर नव्हतं. आता आहे. वर्षातले नऊ दिवस, पण ते पूर्ण.

का, हे तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. दिवसभर माझ्या कानात कुणाच्या तरी रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा सूर असतो. तो अर्ध्या पट्टीने जरी उतरला तरी मी पाठमोरा असलो तरी वळतो. झोपेतही तो ऐकू येतो. पडताना वाऱ्याचा आवाज प्रचंड असतो, आणि पॅराशूट उघडलं की तो एका क्षणात थांबतो. मग पाच मिनिटं कसलाही आवाज नाही. खाली मक्याची शेतं, नदीचं वळण, आणि मी फक्त माझा श्वास ऐकतो. मला पडण्याचं वेड नाही, नंद्या. त्या पाच मिनिटांसाठी मी जातो.

चिऊ आता दोन-तीनदा तरी बरोबर येते. मी पॅराशूट घडी घालतो तेव्हा ती त्याच्यावर पालथी झोपून हवा काढून देते. नायलॉन भारी निसरडं असतं, आईच्या रेशमी साड्यांसारखं हातातून सुटतं. एका टोकाची हवा काढली की दुसरं टोक फुगतं. ती हसत हसत सरकत जाते. गेल्या ऑगस्टात तिने विचारलं, "बाबा, आज कुठे जायचंय का आपल्याला?" मी म्हटलं, कुठेच नाही. मग म्हणाली, "मग हळू घाल घडी."

तर तुझं. सुरू कर. खरंच कर. पण ओपीडी आटोपून, दोन ऑपरेशनं मारून, संध्याकाळी धावत जाऊन एखादी कातळचढाई करू नकोस. तुझ्या घरच्या वहिनींबरोबर बसून वर्षाचे दिवस ठरव, चार ठरले तरी चालतील. सहा महिने नुसत्या कमी उंचीच्या कातळावर हात बसव. आणि तो माळ्यावरचा दोर आपण 1999 मध्ये वर्गणी काढून घेतलेला आहे. तो न वापरताही दहा वर्षांत बाद होतो. जीव अडकलाय तुझा त्यात, माझाही आहे, पण त्याच्यावर लटकू नकोस. त्याचा हातभर तुकडा कापून मला पाठव, बाकीचा टाकून दे. नव्याचे निम्मे पैसे मी देणार आहे. डिसेंबरात येतो आहे, तेव्हा खालून बिले मी देईन.

तुझाच,
बाळ्या