पीक दिसायच्या आधीच परतलेल्या स्वयंसेवकांना

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

वसंतात भाजीच्या शेतावर राबायला येणाऱ्यांवर एक अन्याय ठरलेलाच असतो. काम सगळ्यात जास्त तेव्हा, आणि दाखवण्यासारखं काहीच नाही. टोमॅटो उन्हाळ्यात लागतात, भोपळे त्याच्याही नंतर. तुम्ही होतात तेव्हा होते ते धुतलेले ट्रे, चाळलेलं खत आणि उघडे वाफे. त्यामुळे ‘खूप मदत झाली, आभार’ एवढ्यावर हे पत्र संपवणं बरोबर होणार नाही. तुमच्या कोणत्या कामानं नेमकं काय साधलं, ते तुमच्यापर्यंत पोचायला हवं.

सुरुवात ट्रेपासून, कारण ते काम कुणालाच आवडत नाही. जुन्या ट्रेच्या कप्प्यांत चिकटून राहिलेल्या मातीत रायझोक्टोनिया ही बुरशी आणि पिथियम हा बुरशीसारखा जीव टिकून राहतात. नवं रोप उगवलं की मातीलगतचं खोड पाणचट होतं, सुतासारखं बारीक होतं आणि रोप आडवं पडतं. एका कोपऱ्यातून सुरू झालेली ही कोलमड दोन-तीन दिवसांत अर्धा ट्रे रिकामा करते. पडलेलं रोप परत उभं करणारं औषध नाही, जे काही करायचं ते आधीच. ब्रश आणि साबणानं प्रत्येक कप्पा घासणं, ट्रे उन्हात कडकडीत वाळवणं, पाणी सकाळी देणं म्हणजे संध्याकाळपर्यंत वरचा थर सुकतो, आणि रोपांवरून वारा खेळता ठेवणं. हे सगळं तुम्ही न कंटाळता केलंत. यंदा मिरचीचे ट्रे भरलेले राहिले त्याचं श्रेय बियाण्याच्या आधी त्या ब्रशला आहे.

रोपमिश्रण चाळतानाही तुम्ही घाई केली नाहीत. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पूर्ण मुरलेलं कंपोस्ट, थोडी जाड वाळू, आणि चाळणीची भोकं ६ ते ८ मि.मी.ची. काडी-खडा राहिला की तेवढा कप्पा वाया जातो. गांडूळखत ‘चांगलंच असतं’ म्हणून जास्त ओतण्याचा मोह अनेकांना होतो. पण मिश्रणात ते पाव हिश्श्याच्या वर गेलं की क्षार वाढतात आणि कोवळ्या मुळांचे शेंडे करपू लागतात. मूठभर मिश्रण दाबल्यावर गोळा टिकावा आणि बोटांतून जेमतेम थेंबभर पाणी यावं, ही ओल तुमच्या हातांनी पटकन ओळखली. कोरडं मिश्रण ट्रेत भरलं तर वरून कितीही पाणी घाला, ते कडेनं निघून जातं आणि मधला भाग कोरडाच राहतो.

बी पेरताना खोली बियांच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट ठेवायची. लेट्यूसला मात्र उजेड लागतो, म्हणून त्यावर नावापुरतंच मिश्रण भुरभुरायचं. मिरचीला उगवायला २५ ते ३० अंश सेल्सिअस हवेत, तर त्याच उबेत लेट्यूस झोपून राहतं. दोन्ही ट्रे एकाच फळीवर न ठेवण्याचं कारण हे होतं. आणि नावाच्या पट्ट्या पेन्सिलीनं लिहिल्याबद्दल वेगळे आभार. पेनची शाई उन्हानं उडते, आणि कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली यांची दोन पानांची रोपं ओळखून दाखवीन म्हणणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवू नये.

आता रोपं कडक करण्याविषयी. आमच्या मते तुमचं सगळ्यात मोलाचं काम हेच. आडोशातलं रोप थेट वाफ्यात लावलं तर ऊन त्याची पानं पांढरी करतं आणि वारा खोड पिळवटतो. रोप मरत नाही, पण दहा-बारा दिवस जागेवर बसतं, आणि वसंतातले दहा-बारा दिवस नंतर भरून येत नाहीत. म्हणून लावणीआधी ७ ते १० दिवस ट्रे रोज बाहेर काढायचे. पहिल्या दिवशी दोनेक तास, सावलीत, वाऱ्याच्या आड. मग रोज थोडं जास्त ऊन, थोडा जास्त वारा, शेवटच्या दोन रात्री बाहेरच. पाणी जरा हात राखून द्यायचं, पण पान कोमेजेपर्यंत नाही. यात कौशल्य फारसं नाही, नियमितपणा लागतो. एक दुपार विसरली तर कोवळे ट्रे भाजतात, एक गार रात्र विसरली तर काकडी काळी पडते. अंगात ताकद असलेली माणसं पुष्कळ भेटतात. ट्रे आत घ्यायची वेळ न चुकवणारी कमी.

वाफे तयार करताना तुम्हाला थांबवलं, याचा राग आला असेल. कुदळ हातात, आकाश मोकळं, आणि आम्ही म्हणतोय की अजून वापसा (मातीत काम करण्याजोगी ओल) नाही. पाच-सात सें.मी. खालची माती मुठीत दाबायची आणि गोळ्याला अंगठा लावायचा. गोळा भुगा होऊन फुटला तर काम सुरू, नुसताच चेपला तर परत फिरायचं. ओली माती तुडवली की तिच्यातली हवेची जागा दबते, ढेकळं विटेसारखी वाळतात, आणि गाजराला पुढचा सबंध हंगाम फाटे फुटतात. नंतर वापसा आल्यावर तुम्ही वाफा खणला नाहीत, नुसता उचललात: रुंद काट्याचे दात २५ सें.मी. आत, दांडा मागे झुकवायचा, माती पलटायची नाही. खणून उलथापालथ केलेला वाफा फोटोत रुबाबदार दिसतो, पण खाली गाडलं गेलेलं तणाचं बी त्यानं वर येतं.

त्यावर अडीच सें.मी. कंपोस्टचा थर. ७५ सें.मी. रुंद आणि १० मीटर लांब वाफ्याला हे साधारण १९० लिटर होतं, म्हणजे ८० लिटरच्या ढकलगाडीच्या जवळजवळ अडीच खेपा. वाफे मोजा आणि खेपांचा हिशोब करा. पाठीला त्याची आठवण अजून असेलच.

त्याच कंपोस्टच्या ढिगात तापमापी खुपसून तुम्ही आकडे टिपत होतात. ५५ अंशांच्या वर ढीग टिकला तरच तणाचं बी आणि रोगजंतू मरतात, आणि कडेचा गार भाग आत यावा म्हणून तो पलटायचा. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत शेणाच्या उघड्या लांबट ढिगासाठी ५५ ते ७७ अंशांत १५ दिवस आणि त्या काळात किमान पाच पलटण्या अशी अट आहे. कच्चं शेण घातलं तर मातीला लागणाऱ्या भाजीची काढणी १२० दिवसांनंतरच. नोंद नसेल तर तापलेला ढीग आणि न तापलेला ढीग बाहेरून सारखेच दिसतात. तुमच्या वहीमुळे या ढिगाबद्दल शंका उरली नाही.

कुंड्यांत पेरलेल्या घेवड्याचं कोडं काहींना शेवटपर्यंत उलगडलं नसेल. बाहेरून आणलेल्या शेणखतात किंवा पेंढ्यात अमिनोपायरालिड, क्लोपायरालिड यांसारखी तणनाशकं असू शकतात. जनावरानं फवारलेलं गवत खाल्लं तरी ती शेणातून तशीच बाहेर पडतात आणि कंपोस्टच्या उष्णतेतही महिनोन्महिने टिकतात. म्हणून अर्ध्या कुंड्यांत ते खत आणि अर्ध्यांत खात्रीचं मिश्रण घालून घेवडा लावायचा आणि तीन जोड पानं येईपर्यंत बघायचं. नवं पान वाटीसारखं वळलं, शेंडा पिळला, तर ते खत टोमॅटोजवळ न्यायचं नाही. तुम्ही रोज पाणी घातलेल्या त्या कुंड्यांतली पानं सपाट निघाली, म्हणून खत वाफ्यांवर गेलं.

गाजर. यावर लिहायचं तर वेगळं पत्र लागेल. गाजराचं बी उगवायला एक ते तीन आठवडे घेतं, आणि तण तोवर वर आलेलं असतं. म्हणून आधी वाफा पेरायला तयार करायचा, पाणी द्यायचं, आणि मुद्दाम काहीच पेरायचं नाही. १० ते १४ दिवसांत तणाची हिरवी झालर उगवते, ती वरच्या दोन सें.मी.तच खरवडून काढायची आणि मग पेरायचं. खोल खरवडलं तर खालचं ताजं बी वर येतं आणि सगळी वाट पाहणी फुकट जाते. पेरणी एक सें.मी. खोल, वर झारीनं बारीक पाणी, आणि ओली पोती अंथरायची, कारण वरची पापडी एकदा वाळली की कोंब तिच्याखालीच मरतो. पाचव्या दिवसापासून रोज पोतं उचलून बघायचं. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी पोती काढायची. दोन दिवस उशीर झाला तर कोंब पिवळे आणि लांबुडके होतात, किंवा पोत्याच्या विणीत अडकून त्याच्याबरोबरच उपटले जातात. तुम्ही योग्य दिवशी पोती काढलीत. ओळी आता सलग आहेत, नांग्या (न उगवलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) फारशा नाहीत. (गाजरात नांग्या भरताच येत नाहीत, रोप उचलून लावलं की वेडंवाकडं होतं. त्यामुळे हे कौतुक दुप्पट समजा.)

विरळणीत बहुतेकांचा हात अडखळतो, उगवलेलं रोप काढवत नाही. बीटचं एक ‘बी’ म्हणजे खरं तर बियांचा झुबका, त्यातून दोन ते चार रोपं येतात आणि ठेवायचं एक. उपटण्याऐवजी कात्रीनं कापलंत ते बरोबर केलंत, शेजारच्याचं मूळ हलत नाही. गाजरात दोन रोपांत तीन-चार सें.मी. राखायचे आणि नंतर लगेच पाणी द्यायचं.

खुरपणीबद्दल एकच गोष्ट. तण दिसायला लागल्यावर काढणं म्हणजे उशीर. माती हलवली की पांढरे दोरे दिसतात, त्या अवस्थेत कोरड्या, उन्हाच्या सकाळी हातकोळपं नुसतं फिरवलं की तासाभरात सगळं सुकतं. तेच तण चार पानांवर आलं की प्रत्येक मूळ खुरप्यानं काढावं लागतं आणि वेळ कित्येक पटींनी वाढतो. स्वच्छ दिसणाऱ्या वाफ्यात कोळपं फिरवायला सांगितलं तेव्हा तुमच्या चेहऱ्यावरचे प्रश्न समजत होते. हराळी आणि लव्हाळ्याला मात्र कोळपं लावायचं नाही. हराळीच्या प्रत्येक तुकड्यातून नवी हराळी, आणि लव्हाळ्याची गाठ खालीच राहते. काट्यानं सैल करून अख्खी काढायची, आणि कंपोस्टमध्ये टाकायची नाही. तुमच्यातल्या ज्यांनी गुडघ्यांवर बसून एका वाफ्यातून बादलीभर गाठी काढल्या, त्यांना खास नमस्कार.

लावणी संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी. आधी ट्रे भिजवायचा, रोप खोडाला नव्हे तर मुळाच्या गड्ड्याला किंवा पानाला धरायचं. पान फाटलं तर दुसरं येतं, चेपलेलं खोड सुधारत नाही. टोमॅटो खालची पानं काढून खोल लावला तर खोडालाही मुळं फुटतात. लेट्यूसचा गाभा मात्र मातीत गेला की कुजतो. काकडी-भोपळ्याची मुळं अजिबात हलवायची नाहीत. सगळ्यात जास्त चुकतं ते गड्ड्याच्या वरच्या बाजूला: ती मातीनं झाकली नाही तर उघडा कोकोपीट वातीसारखा ओल शोषून उडवून देतो, आणि भोवतालची माती ओली असूनही रोप सुकतं. तीन ओळी, ३० सें.मी. अंतर, १० मीटरचा वाफा, म्हणजे लेट्यूसची जवळपास शंभर रोपं. मेलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

कोबीवर जाळी त्याच दिवशी टाकायची आणि कडा मातीत पुरायच्या, कारण पिसू भुंगेरे दुसऱ्या सकाळीच पानांना चाळण करतात. आदल्या वर्षी तिथे कोबीवर्गी पीक असेल तर ते मातीतूनच जाळीच्या आत निघतात, म्हणून वाफा बदललेला होता. काकडीवरची जाळी फुलं आली की काढायची, नाहीतर मधमाशी आत जाणार कशी? आच्छादन थांबवून ठेवलं तेही कारणानंच. गार मातीवर पेंढा पसरला की माती गारच राहते आणि गोगलगायींना राहायला घर मिळतं. आता ऊब आली आहे, ५ ते ८ सें.मी. थर पडला आहे, खोडाभोवती मोकळी जागा ठेवून. संध्याकाळी बॅटरी घेऊन तुम्ही गोगलगायी वेचल्या नसत्या तर आच्छादायला लेट्यूस उरलं नसतं.

पुढच्या वसंतात परत यायचं असेल, किंवा कुणाला पाठवायचं असेल, तर निदान सलग दोन आठवडे राखून ठेवा. दोन दिवसांच्या पाहुण्याला रोपं कडक होताना दिसत नाहीत, आणि त्याला शिकवण्यात जाणारा वेळ फिटतही नाही. बंद बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं, दोन जोडी हातमोजे, आणि शिसपेन्सिल. कोळप्याला धार आम्ही लावून ठेवू.

तुमची ऋणी,
शेतावरची मंडळी