‘म्हणे’ परत मिळाल्याबद्दल

दांडिया बाजार, वडोदरा

आदरणीय बाई,
सादर प्रणाम.

विमा सर्वेक्षकाच्या कचेरीत मी इंग्रजी अहवाल लिहितो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. मकरपुऱ्यातील गोदामाच्या आगीचा मसुदा तुम्ही सलग तीन संध्याकाळी माझ्याबरोबर बसून तपासलात आणि मानधनाचा विषयही काढू दिला नाहीत. निदान आभार तरी जाहीरपणे मानू द्यावेत.

आग शॉर्टसर्किटने लागली, असे मी ठामपणे लिहिले होते. ‘हे तू पाहिलेस का?’ एवढेच तुम्ही विचारलेत. पाहिले नव्हते, वॉचमन म्हणाला होता, आणि त्यालाही ते शेजारच्या कोणीतरी सांगितले होते. तेथे ‘रिपोर्टेडली’ आले. मालकानेच आग लावल्याची कुजबुज होती, तिला ‘अलेज्डली’ लागते. पण आरोप कोणी केला हे सांगता येत नसेल, तर ते वाक्यच नको, असे तुमचे म्हणणे पडले. ‘सपोझेडली’ तुम्ही सरळ खोडलेत, कारण त्यात लिहिणाऱ्याचा अविश्वास डोकावतो आणि सर्वेक्षकाने नाक मुरडायचे नसते. ‘अपॅरंटली’ म्हणजे ‘उघडच’, असे मी वर्षानुवर्षे समजत होतो. तो ‘वरवर पाहता’ किंवा ‘ऐकिवात आहे’ असा सावध शब्द निघाला, तेव्हा जुने अहवाल आठवून मला घाम फुटला.

यातले बरेचसे काम आपल्या घरी एकटा ‘म्हणे’ करतो, हे तुम्हीच दाखवलेत. ‘आग शॉर्टसर्किटने लागली म्हणे’, असे मी आईला सहज सांगितले असते. इंग्रजीत शिरताच तो ‘म्हणे’ गळून पडे आणि ऐकीव गोष्ट माझी साक्ष होऊन बसे. ‘वायर जुनी असावी’ यातल्या ‘असावी’चेही तेच. जळक्या तारेवरून तर्क पक्का होत असेल तर ‘मस्ट हॅव बीन’, नुसती शक्यता असेल तर ‘माइट’. मी मात्र सगळीकडे ‘मे’ पेरत होतो.

अशा शब्दांना नेमके वजन किती, या माझ्या प्रश्नावर तुम्ही सीआयए या अमेरिकी गुप्तवार्ता संस्थेतल्या शेर्मन केंट यांची हकिगत सांगितलीत. १९५१ साली त्यांनी व त्यांच्या सहकारी विश्लेषकांनी युगोस्लाव्हियावरील हल्ल्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ असल्याचे एकमताने लिहिले, आणि नंतर केंट यांनी विचारता त्या सहकाऱ्यांतल्याच एकाच्या मनात २० टक्के, तर दुसऱ्याच्या मनात ८० टक्के होते. तेव्हापासून मी असा शब्द लिहिला की त्याचे कारणही लगेच पुढच्या वाक्यात देतो.

नवा मसुदा घेऊन रविवारी येतो. चौथ्या पानावर ‘प्रॉबेबली’ दोनदा आला आहे. त्यातला एक तुम्ही बहुधा खोडाल.

आपला कृतज्ञ,
एक जुना विद्यार्थी