लॅमिंग्टन रोडच्या काकांचे मनापासून आभार

आईच्या पंचाहत्तरीला बाबांचा ग्रुंडिग रेडिओग्राम, म्हणजे एकाच कपाटातला रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेयर, लावायचं ठरवलं. पंधरा वर्षं बंद होता, आणि मी थेट प्लग लावला. पाच मिनिटांत घुरघुर, मग जळका वास, धूर. आई काहीच बोलली नाही, नुसती आत गेली.

दोघा मेकॅनिकांनी सुचवलं, आतलं काढून टाका, ब्लूटूथ बसवून देतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात भेटलेले काका मात्र दुसऱ्याच दिवशी लोकलने डोंबिवलीला घरी आले. आधी रेडिओग्रामच्या वीजवाटेत सिरीजमध्ये शंभर वॉटचा बल्ब लावला, म्हणजे वीज बेताने जाते, आणि आत बिघाड असेल तर बल्ब जोरात पेटतो. बल्ब भगभगीत पेटला, तसे म्हणाले, "वीज एकदम द्यायची नसते याला." जुने कागदी कपॅसिटर गळके झाले होते, म्हणजे जी वीज अडवायची तीच त्यांतून झिरपत होती, त्यामुळे स्पीकरला आवाज पुरवणारी काचेची नळी, आउटपुट व्हॉल्व्ह, तापून लाल होत होती. एकेक करून सगळे बदलले. रेकॉर्ड फिरवणाऱ्या चाकाचं रबर कडक झालं होतं, तेही बदललं. आता मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी रडत नाही.

डायलची काच पुसताना ते अचानक थांबले. शॉर्टवेव्हच्या ४१ मीटरपाशी बाबांनी पेन्सिलने बारीक खूण केली होती, रेडिओ सिलोनची. मला ती ठाऊकच नव्हती. काकांनी कापसाच्या बोळ्याने तेवढी जागा सोडून बाकी काच लखलखीत केली, आणि आईला हाक मारून म्हणाले, "वहिनी, हे बघा."

आई बराच वेळ त्या खुणेवर बोट ठेवून उभी होती.

काका, तुम्ही मजुरीही अर्धीच घेतलीत. खालच्या मजल्यावरच्या ज्या मुलांनी ते सागवानी धूड भिंतीपासून ओढून दिलं, त्यांचेही खूप आभार.