दगडी, म्हणजे जंतूंनी कास सुजण्याचं दुखणं, नशिबानं होते का? मग खेळ फाशाचा कशाला?

संपादक महोदय,

पोरांना जंतू शिकवायचे तर खेळातून शिकवा असं आता सगळेच म्हणतात, बरोबरच आहे ते. पण खेळ म्हटलं की आमच्याकडं लगेच सापशिडी निघते. मागं एका पशुपालक मेळाव्यात बघितली, 'गोठा घाण' तिथं साप, 'लस टोचली' तिथं शिडी. पोरं खेळली, हसली, आणि एक जण उठता उठता म्हणाला, "माझी गाय नशिबानं वाचली." आता काय बोलणार! जनावराचं दुखणं म्हणजे नशीब हेच तर डोक्यातून काढायचंय, आणि फासा नेमकं तेच शिकवतोय.

मी नोकरीत असताना शाळांमधून एक खेळ घ्यायचो, तो सांगतो. रबरी हातमोज्यांत पाणी भरायचं, बोटांना सुईनं भोकं पाडायची, बांबूला पाच मोजे टांगायचे, झाल्या पाच गाई. एकीत पाण्याऐवजी चुन्याची निवळी. दिसायला पाणीच, जशी सुप्त दगडी असते, दूध चांगलं दिसतं आणि आत स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू बसलेला. पोरांनी ओळीनं धारा काढायच्या, मग प्रत्येक सड हळदीच्या ओल्या कागदानं पुसायचा. निवळी लागली असेल तिथं कागद लाल होतो, हळदीचं कुंकू कसं होतं ते घरात माहीतच असतं. निवळीवाल्या गाईपासून सुरुवात केली आणि पुढच्या दोन-तीन सडांवर लाल उमटलं की पोरं आधी स्वतःच्या हाताकडं बघतात. त्या बघण्यासाठीच खेळ आहे सगळा.

दुसऱ्या डावात त्यांनीच ठरवायचं, कुठली गाय शेवटी पिळायची, हात कधी धुवायचे. चुकलं तर हरायचं. (हरताच येत नाही असे ते मोबाइलवरचे क्विझ, शाब्बास शाब्बास करणारे, मला काही झेपत नाहीत.)

औषधाचा डाव त्याहून सोपा. ताटलीत 20 मटक्या म्हणजे साधे जंतू, 5 हरभरे म्हणजे चिवट जंतू. रोजच्या डोसाला 10 मटक्या आणि एकच हरभरा उचलायचा. दोन दिवसांत मटकी संपते, ताटली साफ वाटते, आणि गाय बरी झाली म्हणून सडात भरायची औषधाची ट्यूब मधेच बंद करायची आपल्याकडं पद्धतच आहे. जो थांबला त्याचे उरलेले 3 हरभरे रोज दुप्पट, 6, मग 12, आणि आता नुसते हरभरेच, म्हणजे औषधाला दाद न देणारे.

धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं राहतं, गाय बसली तर जंतू आत शिरतात, म्हणून लगेच वैरण टाकून तिला उभी ठेवायची, हे मात्र मला अजून कुठल्या खेळात बसवता आलेलं नाही. कुणा शिक्षकाला जमलं तर तुमच्या पेपरात जरूर कळवावं.

आणि हो, निवळी वरची स्वच्छच घ्या, खेळ झाला की पोरांचे हात आधी धुवा, डोळ्यात गेली तर बोंबाबोंब होते.

- एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, ता. सांगोला