बॅटरी न विकणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

मोबाइलवर असलं काही वाचायची तुम्हाला सवय नाही, पण तुमचा मुलगा वाचतो, तो दाखवेलच. तोंडावर आभार मानायला आलो की तुम्ही "बस, चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यात चिमूरकडे वावर म्हणजे एका अंगाला जंगल. हरभरा घाटे धरू लागला की रानडुकरं येतात, रोही म्हणजे नीलगायी येतात. डुकरांचा कळप एका रात्रीत खातो त्याहून जास्त लोळून नासवतो. पूर्वी मचाणावर बसून, खाली शेकोटी पेटवून, डबे बडवून रात्रभर जागली करायची. आता बहुतेकांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, झटका मशीन आहे. कुंपणाच्या तारेत सेकंदाला साधारण एक झटका, व्होल्ट काही हजार, पण क्षणाच्या बारीकशा तुकड्यापुरताच. त्यामुळे जनावर दचकून पळतं, मरत नाही. मशीनला बारा व्होल्टची सात अँपिअर-तासांची छोटी बॅटरी आणि ती भरायला दहा वॅटचं सोलर पॅनल.

आमची मशीन मध्यरात्रीनंतर गप्प व्हायची. टिक्-टिक् आवाज बंद झाला की डुकरांना कसं कळतं कोण जाणे, पण कळतं. जिथून मशीन घेतली त्या दुकानात म्हणाले, बॅटरी गेली, आता मोठीच घ्या. ती मोठी बॅटरी घ्यायलाच मी तुमच्या दुकानात आलो होतो. मोटार रिवायंडिंगचं काम सोडून तुम्ही उठलात. मी खिशात हात घालून पैसे मोजत होतो आणि तुम्ही माझी जुनी बॅटरी उलटीसुलटी करून बघत होता.

टर्मिनलवर हिरवट पूड साचली होती. ती तुम्ही सोड्याच्या गरम पाण्यानं पुसलीत, कोरडी करून व्हॅसलीन लावलंत. बॅटरी तुमच्या चार्जरवर पूर्ण भरलीत आणि मोटारसायकलच्या हेडलाइटचा बल्ब जोडून बाजूला मीटर ठेवलात. बल्ब जळत राहिला, आकडा हळूहळू, शिस्तीत उतरला. मेलेली बॅटरी असती तर व्होल्टेज धपकन खाली आलं असतं, हे तुम्ही तेव्हाच दाखवलंत. मग म्हणालात, "ही मेली नाही, उपाशी आहे. मोठी आणली तरी तिला भरणार कोण?"

काका, विक्री दारात उभी असताना हे वाक्य बोलायला काय लागतं, ते मला दुकानदारी करणाऱ्या घरातला जावई म्हणून चांगलं माहीत आहे.

मग तुम्ही बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला हिशोब मांडलात. तो कागद अजून माझ्याकडे आहे. मशीन मीटरमधून चालवून बघितली, तर सरासरी दीडशे मिलिअँपिअर खात होती. थंडीत सांजेपासून सकाळपर्यंत चौदा तास धरले तर दोन अँपिअर-तासांच्या थोडं वर. दिवसाही चालू ठेवली तर साडेतीनच्या पुढे. दहा वॅटचं पॅनल भर उन्हात देतं अर्धा अँपिअर, आणि तसं भरघोस ऊन दिवसाकाठी चार-पाच तासांचंच धरायचं. म्हणजे जमा दोन ते अडीच, त्यातही काही वाया जाणार. कागदावरच तोंडमिळवणी जेमतेम होत होती. शिवाय बॅटरी रोज अर्धपोटी राहिली की तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे धरतात आणि ती खरोखरच मरते, हेही तुम्ही तेव्हाच सांगितलंत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः स्कूटरवर वावरात आलात. बसवणाऱ्या पोरानं पॅनल बाभळीजवळच्या खांबावर, जवळजवळ आडवं ठोकलं होतं. दुपार कलली की फांदीची सावली त्याच्या एका कोपऱ्यावर यायची. मला वाटायचं, कोपराच तर आहे! तुम्ही खांद्यावरचा दुपट्टा काढून खालच्या एका ओळीवर टाकलात आणि मला मीटर बघायला लावलात. झाकलं होतं पॅनलचं थोडंसंच अंग, पण करंट पार तळाला गेला. आतले छत्तीस सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, एकाचं अडलं की सगळ्यांचं अडतं. पक्ष्याच्या शिटेनंही तेच होतं म्हणालात. तेव्हापासून आमच्या घरी पॅनल पुसायचं काम धाकट्याकडे आहे आणि तो त्याचे पैसे मागतो, ते वेगळं.

पॅनल मोकळ्या जागी, दक्षिणेकडे तोंड करून, वीस-पंचवीस अंश कलतं बसवलंत. जोडीला तसंच दहा वॅटचं जुनं पॅनल तुमच्या माळ्यावरून काढून समांतर जोडून दिलंत. मशीन रात्रीपुरतीच चालेल अशी लावलीत. बॅटरी चौदा-सव्वाचौदा व्होल्टला पोचली की चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर ते तोडतो की नाही, हेही उभं राहून पाहिलंत. मला काम एवढंच लावून दिलंत: पहाटे मशीन बंद केली की पॅनलवर ऊन यायच्या आत मीटर लावायचा. साडेबाराच्या आसपास दिसलं तर निश्चिंत, बाराच्या खाली गेलं तर कुठेतरी गवत तारेला लागलंय किंवा पॅनल मळलंय. हे गणित तंतोतंत लागू पडतं. पैसे घेतलेत फक्त वायर आणि फ्यूजचे.

पण या पत्राचं खरं कारण वेगळं आहे. त्या दिवशी तुमच्या दुकानात एकजण आला होता. नाव लिहीत नाही. त्याला तारेत थेट लाइनचा करंट सोडायचा होता, "रात्रीपुरताच." तुम्ही आवाज चढवला नाहीत. वायरचं बंडल परत फळीवर ठेवलंत आणि म्हणालात, "या कामाला माझ्या दुकानातून खिळासुद्धा मिळणार नाही." अशा तारेनं आपल्या भागात माणसं गेलीत, गुरं गेलीत. २०१७ मध्ये नागभीडकडे उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध जय वाघाचा वारस, रेडिओ कॉलर लावलेला श्रीनिवास वाघ, असाच गेला. पिकाचं नुकसान बघून माणसाचं डोकं फिरतं, ते मलाही कळतं. पण नंतर तुम्ही त्याला बसवून घेतलंत, त्याच्या वावराची लांबी विचारलीत आणि माझ्यासारखाच हिशोब कागदावर काढून दिलात. त्याच्या धुऱ्यावर आज पॅनल आहे. येता-जाता बघतो मी.

आता पावसाळ्याचं विचारायचं आहे. झड लागली की पॅनल नावापुरतं उरतं, तेव्हा घरी भरून ठेवलेली दुसरी बॅटरी आलटून-पालटून लावावी म्हणतो. पुतण्या लिथियमची आण म्हणतो, पण आमचा कंट्रोलर तिला चालेल का, हे तुम्ही बघितल्याशिवाय मी पैसे काढणार नाही. पुढच्या बाजाराला मशीन घेऊन येतो. सोबत तुरीचे सोले आणतोय, काकूंना सांगून ठेवा. आणि या वेळी मजुरी घ्या, नाहीतर सोले परत नेईन.

आपला,
धुऱ्यापलीकडे जंगल असलेला एक शेतकरी